वाकळ शिवणाऱ्या आजींना, सातवीच्या वर्गाकडून

आदरणीय आजी,
सा. न. वि. वि.

स्वातंत्र्यलढ्याचा आमचा कापडी फलक काल शाळेच्या सभागृहात लागला. तोंडी आभार मानले होतेच, पण तुमचं काम सगळ्या सोलापूरकरांना कळावं म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

मुलांची चित्रं सुटी सुटी तयार होती. मादाम कामांनी १९०७ साली स्टुटगार्टला फडकवलेला झेंडा, २० मार्च १९२७चं महाडचं चवदार तळं, विदेशी कापडाचा ट्रक अडवताना जीव दिलेले गिरणी कामगार बाबू गेनू. सगळं डिंकानं चिकटवायचं ठरत होतं. तुम्ही म्हणालात, "एका पावसाळ्यात सुटंल ते. शिवा." मग जुन्या लुगड्यांचं अस्तर दिलंत, कडेपासून आत आत धावदोरा कसा न्यायचा ते दाखवलंत, आणि ज्याचं चित्र त्यानंच शिवायचं, असा दंडक घातलात. मुलगेही सुई ओवायला शिकले, याचा मला फार आनंद आहे.

पण सगळ्यात मोठे आभार मधल्या चौकोनासाठी. तिथे काय घ्यावं यावर वर्गात वाद चालला होता. तुम्ही विचारलंत, "अन् आपल्या सोलापूरचं काय घेतलंय?"

मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ लागला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. त्यांच्या पुतळ्यांवरून कितीतरी मुलं रोज ये-जा करतात, पण चौघांची नावं वर्गात कुणालाच सांगता येईनात. तुम्ही ती एका दमात सांगितलीत. गिरणीत कामाला असलेल्या सासऱ्यांकडून तुम्ही ती ऐकली होती. पुस्तकातला धडा वाचून मुलं अशी गप्प बसलेली मी पाहिली नाहीत.

आता ती नावं मधोमध आहेत, सोलापुरी चादरीच्या तुकड्यावर, चारही सारख्याच अक्षरांत. 'कुर्बान'मधला रफार साखळीटाक्यात नीट बसेना, तर एका मुलीनं तो उसवून पुन्हा घातला. तुम्ही जवळ नव्हतात तेव्हासुद्धा.

१२ जानेवारीला पालकांना बोलावलं आहे. तुम्ही याच, रिक्षा पाठवते. सहावीची मुलं आत्ताच मागे लागली आहेत. डोळ्यांना त्रास होणार नसेल, तर पुढच्या वर्षी त्यांनाही शिकवाल का?

तुमची,
सातवीच्या बाई