सर, तो कागद बरोबरच होता

आदरणीय सर,

सगळ्यांसमोर लिहितेय याचा राग मानू नका, पण फोनवर मी आभाराचा विषय काढला की तुम्ही "ते राहू दे, परवाची मॅच कशी झाली सांग" म्हणता आणि इतकी वर्षं ते राहूनच गेलंय.

आधी त्या कबड्डी फायनलचं बोलते. रेडिओवरची माझी तिसरीच कॉमेंट्री, सेकंड हाफ, दोन गुणांचा फरक, आणि पकड केली डाव्या कोपऱ्यातल्या पोरानं अन् मी जोरजोरात नाव घेतलं शेजारच्या कव्हरचं, तेही दोनदा. मला कळलं तोवर पुढची चढाई सुरू झाली होती, घशाला कोरड, पुढचं काही सुचेना. तुम्ही शांतपणे माइक ओढलात आणि म्हणालात, मघाशी पकड अमक्याची होती, नावांचा कागद मी तयार केलाय, त्यात माझीच गफलत झाली. सर, कागद बरोबर होता. माझ्यासमोरच पडला होता, मी बघितलाच नव्हता. इतक्या वर्षांच्या तुमच्या नावावर तुम्ही माझी चूक घेतलीत, आणि नंतर त्या पोराच्या घरून रागानं फोन आला तोसुद्धा तुम्हीच घेतलात. मला एका शब्दानं बोलला नाहीत. फक्त पुढच्या मॅचला तासभर आधी बोलावलंत आणि दोन्ही टीमच्या पोरांकडे घेऊन गेलात, प्रत्येकाला त्याचं नाव त्याच्याच तोंडून म्हणायला लावलंत आणि वहीत जसं ऐकू आलं तसं लिहून घेतलंत. तेव्हापासून नावं विचारल्याशिवाय मी माइकला हात लावलेला नाही.

चढाई 30 सेकंदांची. तेवढ्यात कोण निघालाय, समोर सातजण आहेत की चार, बोनस मिळू शकतो की नाही (समोर सहा तरी असल्याशिवाय तो मिळतच नाही), ही डू ऑर डाय चढाई आहे का (लागोपाठ दोन चढाया गुणाविना गेल्या की तिसरी, तिच्यात गुण नाही मिळाला तर चढाईवाला बाद), हे सगळं सांगायचं आणि ऐकणाऱ्याला यातलं काहीच दिसत नसतं. मी नुसती ओरडायचे. तेव्हा तुम्ही टेडी वेकलमची गोष्ट सांगितलीत, 1927 मध्ये बीबीसीची पहिली रग्बी कॉमेंट्री करताना त्याच्यासमोर एका अंध माणसाला बसवलं होतं आणि याला मॅच समजावून सांग म्हणाले होते, आणि मैदानाचे चौकोन पाडून त्यांना नंबर देऊन तो नकाशा आधीच छापला होता, म्हणजे चेंडू कुठाय ते घरबसल्या कळावं. ते ऐकल्यावर माझं ओरडणं आपोआप कमी झालं.

आणि ते वाळूचं घड्याळ! रेड बार्बर बेसबॉलच्या कॉमेंट्रीला तीन मिनिटांचं घड्याळ जवळ ठेवायचा, वाळू खाली आली की स्कोअर सांगून पुन्हा उलटं करायचं, हे तुम्ही कुठंतरी वाचलंत आणि तसंच घेऊन आलात. माझा स्कोअर राहिला की टेबलाखालून गुडघ्यावर तुमची टिचकी. रेडिओ आत्ता लावला त्याचा काय गुन्हा, हे तुमचं वाक्य. खरंच आहे ना, मॅच कितीही रंगात येऊ दे, आकडा माहीत नसेल तर त्या माणसाला रंग कसला कळणार.

टीव्हीला गेले तेव्हा मात्र हेच सगळं अंगाशी आलं. पहिल्याच दिवशी कानात प्रोड्युसर ओरडला, अगं दिसतंय ते लोकांना! रात्री रडत तुम्हाला फोन केला. दुसऱ्या दिवशी तुम्ही रेकॉर्डिंग लावून बसवलंत आणि चित्रात जे दिसतंय तेच सांगणारं प्रत्येक वाक्य खोडायला लावलंत, अर्ध्याहून जास्त गेली. मग विन स्कलीबद्दल सांगितलंत. तो बार्बरच्याच हाताखाली तयार झालेला, तब्बल 67 सीझन एकाच टीमची कॉमेंट्री केली त्यानं, आणि 1974 मध्ये बेसबॉलपटू हँक आरनचा कारकिर्दीतला 715 वा होम रन, म्हणजे सगळ्यात जास्त होम रनचा नवा रेकॉर्ड, तर चेंडू बाहेर गेला एवढं सांगून तो गप्प बसला आणि लोकांना स्टेडियमचा आवाज ऐकू दिला. गप्प बसायला फार जीव लागतो सर, मला अजूनही पूर्ण जमत नाही. पण मागच्या फायनलला शेवटची शिट्टी वाजली, पोरं एकमेकांच्या अंगावर पडली आणि मी तोंडावर हात ठेवून बसले, एक शब्द बोलले नाही. घरी आले तर तुमचा मेसेज, "ऐकलं".

एवढाच शब्द होता, पण मी तो जपून ठेवलाय.

रविवारी सेमीफायनल आहे, यावेळी परत रेडिओवर. शेजारी एक नवीन मुलगा बसणार आहे, त्याची पहिलीच वेळ. नावांचा कागद मी केलाय. ऐका नक्की, आणि स्कोअर राहिला तर लगेच मेसेज टाका.

तुमची,
कागद न बघणारी विद्यार्थिनी