वरच्या मजल्यावरच्या काकांना, पंपाबद्दल

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

हे सगळं तुम्हाला जिन्यात भेटल्यावर सांगता आलं असतं. पण तुम्ही "हॅ, त्यात काय एवढं" म्हणून विषय पावसावर नेला असता. म्हणून चारचौघांत लिहितेय. वाचणाऱ्यांपैकी दोघाचौघांना उपयोग झाला तर तेही बरंच.

माझं माहेर कराडचं, त्यामुळे कुंभार्ली घाट काही चुकत नाही. चढताना तक्रार नव्हती. उतरताना मात्र अर्ध्या घाटानंतर वॅगन आरचं ब्रेक पेडल मऊ पडायचं. पाय नेहमीपेक्षा खोल जायचा आणि गाडी उशिरा थांबायची. पोफळीत थोडा वेळ थांबलं की पेडल परत घट्ट. मग चिपळूणच्या गॅरेजमध्ये दाखवणार काय? "ताई, ब्रेक तर मस्त लागतायत" हेच उत्तर मिळायचं. घरी तर "तुझा पाय जड आहे" इथपर्यंत निदान झालं होतं.

तुम्ही गाडीला हातही न लावता विचारलंत, "ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं?" गाडीबरोबर आलेल्या सर्व्हिसच्या पावत्या आपण दोघांनी चाळल्या, त्यात ऑइल बदलल्याची नोंदच सापडली नाही. मग तुम्ही समजावलंत ते असं. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषतं, आणि आपल्या कोकणात दमटपणाला काय तोटा! डॉट 3 प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शोषलं की हा आकडा 140 पर्यंत उतरू शकतो. घाटात ब्रेक तापले की त्या ऑइलची वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं. गाडी गार झाली की वाफ जिरते आणि गॅरेजवाल्याला काही सापडत नाही. इतक्या दिवसांत माझी तक्रार खरी धरून तिच्यामागचं कारण सांगणारे तुम्ही पहिलेच. पहिले आभार त्याचे.

दुसरे, ऑइल बदलायला तुम्ही दिलेल्या त्या पंपाचे. बागेत फवारणी करायचा साधा हातपंप, कोरा, औषध कधीच न भरलेला. त्याच्या नळीला तुम्ही छोटं गेज जोडलंय. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या, भंगारातून आणलेल्या टोपीला भोक पाडून तिच्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवलाय, खाली रबराचा गॅसकेट. बाहेरून तयार प्रेशर ब्लीडर, म्हणजे असाच दाबानं ऑइल ढकलणारा पंप, आणला तर त्याच्या टोप्या बऱ्याचदा युरोपातल्या गाड्यांच्या मापाच्या, आपल्या गाडीला बसतीलच असं नाही. जन्मभर एसटीच्या वर्कशॉपात हवेवर चालणारे ब्रेक सांभाळलेत आणि निवृत्तीनंतर लोकांच्या ब्रेकमधली एअर काढताय, हेही एक नवलच!

गॅरेजमध्ये एअर काढताना एक जण आत बसून पेडल मारतो आणि दुसरा खालून "दाब... धर... सोड" ओरडतो. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत गेलं की मास्टर सिलिंडरची, म्हणजे पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या नळकांड्याची, रबरं रोज जिथं पोचत नाहीत त्या गंजक्या भागावर घासतात आणि फाटतात, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं. तुमच्या पंपात पेडलला हात नाही की पाय नाही. वरून ब्रेक ऑइलच्या टाकीवर हवेचा दाब द्यायचा, खाली चाकाजवळचा निपल, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचा पोकळ स्क्रू, उघडायचा, ऑइल आपोआप पुढे सरकतं. दुसरा माणूस लागत नाही. ह्यांना रविवारी सकाळी उठवणं मला पेडल मारण्यापेक्षा अवघड जातं, तेव्हा हा फायदा माझ्यासाठी फार मोठा.

आणि तिसरे आभार, खरं तर सगळ्यात मोठे, याचे की तुम्ही पंप दिलात पण पाना हातात घेतला नाहीत. स्टुलावर बसून राहिलात. चाकांना ठोकळे, जॅकखेरीज खाली स्टँड, हे झाल्याशिवाय चाक काढू दिलं नाहीत. पंप आधी कोरडाच मारून गेजचा काटा उतरतो का ते बघायला लावलंत. "पंधरा पौंडांच्या वर नाही, प्लॅस्टिकची टाकी आहे ती." टायरमध्ये आपण भरतो त्याच्या निम्मीसुद्धा नाही. मला वाटलं होतं, एवढ्याशा हवेनं काय होणार!

सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून. ड्रमच्या मागं चिखलात दडलेला निपल, त्यावर पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडवलेलं. रिंग पान्यानं जेमतेम पाव फेरा दिला आणि नळीत काळ्या चहासारखं काहीतरी उतरायला लागलं. मग दोन बारीक बुडबुडे, मागून एक मोठा. मी लगेच निपल बंद करायला गेले तर तुम्ही म्हणालात, "थांब, फिकट पिवळं येऊ दे." ते आलं, पण चांगला वेळ घेऊन. दर चाकानंतर आधी पंपातली हवा सोडायची, मगच टोपी उघडून टाकी नव्या ऑइलनं भरायची. टाकी रिकामी झाली तर वरून हवा शिरणार आणि सगळं पहिल्यापासून. पंपात मुद्दाम ऑइल भरत नाही, त्यानं त्याची रबरं फुगतात, हेही तुम्हीच सांगितलंत. त्यामुळे टाकीत सारखं डोकावणं आलं, पण पंप टिकतो.

बॉनेटजवळ सांडलेल्या थेंबांवर तुम्ही लगेच तांब्याभर पाणी ओतलंत, म्हणून रंग वाचला.

परवा कराडहून उतरले. ज्या गियरमध्ये चढायचं त्याच गियरमध्ये उतरायचं, हा तुमचा नियम पाळला. पोफळीपर्यंत पेडल होतं तिथंच राहिलं. ह्यांनी गाडी घेऊन बाजारपेठेत एक चक्कर मारली आणि "पेडल बदललं का?" असं विचारलं. मी काही बोलले नाही.

आता कामाचं. पंप मंगळवारी वर आणून देते. टोपीतला गॅसकेट जरा चपटा झालाय, नवा मिळाला तर बसवूनच आणेन. जाऊबाईंच्या गाडीचंही ऑइल बदलायचंय, पण तिची टोपी वेगळ्या मापाची आहे. भंगारवाल्याकडे गेलात तर तेवढी बघून ठेवाल का? त्या गाडीला एबीएस आहे, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. नुसतं ऑइल बदलायला अडचण नाही, पण एबीएसच्या ब्लॉकमध्ये हवा अडकली तर ती काढायला गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लागू शकतो असं तुम्ही म्हणाला होतात. म्हणून टाकीवर लक्ष ठेवायला त्या दिवशी तुम्ही स्टुलावर हवेच. चहा-पोहे माझ्याकडे.

आपली,
खालच्या मजल्यावरची सूनबाई