अप्पांच्या अखेरच्या दिवसांतील सोबतीबद्दल आभार

आमच्या अप्पांचा तोंडाचा कर्करोग गळ्यापर्यंत पसरल्यावर ‘आता घरी न्या’ एवढेच सांगून रुग्णालयाने आम्हाला परत पाठवले, आणि चोपडा तालुक्यातील आमच्या गावी ते रात्र रात्र तळमळत राहिले. तेव्हा पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या, पथकातील दोन परिचारिका ताई घरी येऊ लागल्या. डॉक्टरांनी ठरवलेली मॉर्फिनची गोळी वेदना उठण्याची वाट न पाहता दर चार तासांनी द्यायची आणि सोबतचे पोट साफ ठेवणारे औषध चुकवायचे नाही, हे त्यांनी आईला नीट समजावले. जखमेच्या दुर्गंधीमुळे अप्पा नातवंडांनाही जवळ येऊ देत नव्हते. ताईंनी मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड जखमेवर लावली आणि हळूहळू वास ओसरला.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की पट्टीला हात लावण्यापूर्वी त्या दर वेळी अहिराणीत त्यांची परवानगी विचारत आणि ते मान हलवेपर्यंत थांबत. दाढी करून, टोपी घालून ओट्यावर बसण्याची अप्पांची इच्छा होती. थोरल्या ताईंनी जखम सांभाळत स्वतः त्यांची दाढी करून दिली. बरे होण्याची खोटी आशा कोणी दाखवली नव्हती, तरी त्या दिवसापासून अप्पा केळीचा भाव विचारू लागले.

त्या दोघी ताईंचे आणि चिखलातून गाडी दारापर्यंत आणणाऱ्या चालक भाऊंचे आमचे कुटुंब मनापासून आभारी आहे.