बाबांच्या टू-डी इकोआधी

लेस्टर, रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे, जेवणखाण वेळेवर चालू आहे.

आई, इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, करंट बसतो का, असं तू फोनवर तीनदा विचारलंस. अजिबात नाही. सुई नाही, एक्स-रेसारखे किरण नाहीत; सोनोग्राफीचेच आवाजाचे तरंग. छातीवरच्या चिकटपट्ट्या ठोके मोजायला. घशातून नळी घालून करतात त्या इकोला उपाशी राहावं लागतं, ही ती नव्हे. श्रावणी सोमवार असला तरी बीपीची गोळी घ्यायचीच. पुढून बटणांचा शर्ट घाला, जुना रिपोर्ट न्या. काय बदललं ते त्यावरूनच कळतं.

बाबा, तुम्हाला डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली घेऊन झोपवतील. त्याने हृदय बरगड्यांजवळ येतं, फुफ्फुस बाजूला सरकतं. हवेतून हे तरंग जात नाहीत, म्हणून गार जेल लावतात, म्हणूनच ‘श्वास सोडा, धरा’ म्हणतात. तेव्हा छाती भरून श्वास घेतलात तर चित्र पुसट होतं. उताणं झोपवून, गुडघे वाकवून, बरगड्यांखाली पोटावर प्रोब, म्हणजे तपासायचं हातातलं यंत्र, दाबतात तेव्हा मात्र श्वास आत घेऊन धरायचा. दाबल्याने दुखलं तर सांगा, मुकाट्याने सोसू नका. मध्येच भस्स-भस्स आवाज येईल, तो वाहत्या रक्ताचा. पडद्यावर लाल म्हणजे प्रोबकडे येणारं रक्त, निळं म्हणजे दूर जाणारं, शुद्ध-अशुद्ध नव्हे. वीस मिनिटं, फार तर अर्धा-पाऊण तास.

ईएफ म्हणजे हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला त्यातलं किती रक्त बाहेर ढकलतो तो आकडा. ६० टक्के लिहिलं तर ४० टक्के हृदय गेलं असं समजू नकोस, आई. ५५ ते ७० म्हणजे चांगलंच. ‘ट्रिव्हियल एमआर’, म्हणजे झडपेतून किंचित रक्त मागे येणं, धडधाकट माणसातही दिसतं. पण इको चांगली आली म्हणजे ब्लॉकेज नाहीच, असं होत नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे यात दिसत नाहीत. म्हणून चढावर दम लागतो हे बाबांनी डॉक्टरांना स्वतः सांगायचं. ते होईपर्यंत तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी नको. त्र्यंबकराजाला घरून हात जोडा, पोचतात.

इथे आमच्या दवाखान्यात एक रीत आहे, तुला पटणार नाही. तपासणीआधी पेशंटला विचारायचं, ‘खोलीत तिसरं कुणी हवं का?’ तिसरं म्हणजे घरचं माणूस नव्हे, दवाखान्यातलंच कुणीतरी. ते काही करत नाही, नुसतं थांबतं. बाई असो, बुवा असो, विचारायचंच आणि उत्तर लिहून ठेवायचं. दिवसभर परक्यांना हे विचारते, आणि तिकडे बाबांबरोबर आत कोण, हे मला माहीत नाही. रजा मागितली नाही असं नाही. दिवाळीची मिळाली, आत्ताची नाही. दादाला सुट्टी काढायला सांगितलंय, तरी मी असायला हवं होतं.

तीस हजार पाठवलेत. इकोचे त्यातूनच द्या, एफडी मोडू नका. गंगापूर रोडच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही, आई. दिवाळीत भेटते त्यांना, तोवर शब्द देऊ नकोस. लग्न झालं तरी घरी पैसे पाठवणार, हे मात्र त्यांना आधीच सांग.

रिपोर्टचा फोटो काढताना कागद सपाट ठेवा, दुसरं पानही पाठवा. आकडे तिथेच असतात.

तुमची,
ताई