आजीवर गेलेल्या लेकीस

प्रिय लेकी,

काल रात्री तू विचारलंस, "बाबा, माझ्यात माझं असं काय आहे?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. मग झोप लागली नाही. समोर बसून हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहितोय.

तो प्रश्न कुठून आला, मला माहीत आहे. गेल्या आठवड्यात तुझ्या शाळेतून फोन आला. वर्गात आवाज चढवून बोललीस म्हणाले. काय झालं हे विचारायच्या आधीच मी म्हणालो, "अगदी आजीवर गेलीय." तुझ्या लहानपणापासून हे म्हणत आलोय मी. नाक आजीचं, अक्षर आजीचं, राग आजीचा. एरवी त्यात कौतुक असायचं, त्या दिवशी नव्हतं. तू स्वतः विचार करून जे बोललीस, ते मी हयात नसलेल्या माझ्या आईच्या नावावर टाकून मोकळा झालो. चुकलं माझं.

खाण तशी माती म्हणतात. पण तू जीवशास्त्र शिकतेस, तुला ठाऊक आहे की हे इतकं सरळ नसतं. गुणसूत्रांच्या २३ जोड्या, प्रत्येक जोडीतलं एक आईकडून, एक माझ्याकडून. आणि मी दिलेली गुणसूत्रं बहुतेक माझ्या आईवडिलांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन बनलेली. ती सरमिसळ जशी तुझ्या वेळी झाली तशी आधी कधी झाली नव्हती, पुन्हा होणार नाही. एक गोष्ट मात्र मला फार आवडते. तुझ्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक मला माझ्या आईकडून मिळालं आणि ते जवळजवळ जसंच्या तसं तुझ्याकडे आलं. म्हणजे आजी तुझ्यात आहे, हे खरंच. पण राग असा एखाद्या गुणसूत्रावर बसून येत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं की माणसामाणसांच्या स्वभावांत जो फरक असतो, त्यातला निम्मा किंवा त्याहून थोडा कमी वाटा आनुवंशिकतेचा असतो. याचा अर्थ तुझा अर्धा राग आजीचा, असाही नाही. तो आकडा पुष्कळ लोकांमधल्या फरकाचा आहे, एकट्या तुझा हिशोब त्यातून मांडता येत नाही.

मला या बाबतीत एरिक एरिक्सन आठवतात. तरुण वयात 'मी कोण?' या प्रश्नाने जी घालमेल होते, तिला 'ओळखीचं संकट' हे नाव या मानसशास्त्रज्ञाने दिलं. १९०२ साली जर्मनीत जन्म. जन्मदाता कोण, हे त्यांना आयुष्यभर कळलं नाही. आई ज्यू, सावत्र वडीलही ज्यू, आणि मुलगा उंच, सोनेरी केसांचा. प्रार्थनास्थळातली मुलं त्याला परका म्हणून चिडवायची आणि शाळेतली मुलं ज्यू म्हणून. पुढे अमेरिकेचं नागरिकत्व घेताना, १९३९ मध्ये, त्यांनी एरिक्सन हे आडनाव स्वतः घेतलं. सावत्र वडिलांचं होम्बर्गर हे नाव मात्र टाकून दिलं नाही, मधलं नाव म्हणून ठेवलं. ते मधलं नाव मला फार मोलाचं वाटतं.

आता आजीचं सांगतो, आजवर तुला अर्धंच सांगितलंय. तिला अन्याय सहन व्हायचा नाही, हे तुला माहीत आहे. पण बोलून झाल्यावर तिला परत फिरता यायचं नाही. सख्ख्या भावाशी, म्हणजे माझ्या मामाशी, ती बारा वर्षं बोलली नाही. मामा गेला तेव्हाही त्यांच्यात अबोलाच होता. त्यानंतर ती त्याचं नाव काढायची नाही, आणि कुणी काढलं तर उठून आत जायची. मी तिचाच मुलगा, पण मला तिचा राग मिळाला नाही. मिळालं ते उठून आत जाणं. काल तुझ्या प्रश्नावर मी तेच केलं.

आणि तू? वर्गात एका मुलीला सगळ्यांसमोर तिच्या बोलण्यावरून हिणवलं गेलं, तेव्हा तू उभी राहिलीस. हे मला तुझ्या मैत्रिणीकडून कळलं, तू स्वतः सांगितलं नाहीस. दुसऱ्या दिवशी तू सरांकडे गेलीस. आवाज चढवल्याबद्दल माफी मागितलीस आणि तुझा मुद्दा न चढवलेल्या आवाजात पुन्हा सांगितलास. उभं राहणं आजीचं असेल. दुसऱ्या दिवशी परत जाणं आपल्या घरात मी कधी पाहिलं नव्हतं. आजीत नाही, माझ्यात नाही. तुझी आई म्हणते तिच्यातही नाही.

माझ्या कपाटात सगळ्यात खालच्या खणात, जुन्या चादरीखाली, पत्रांचा एक गठ्ठा आहे. आजी गेल्यावर सापडला. सगळी मामाला लिहिलेली, एकही न पाठवलेलं. मी दोन वाचली आणि पुढची वाचवली नाहीत. अक्षर खरोखर तुझ्यासारखं आहे. वाचावीशी वाटली तर घे, माझ्यासोबत वाचायची असतील तर हाक मार. खणाला कुलूप नाही.

तुझा,
बाबा