रविवारी बंद बाटलीतली बाग

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी १० वाजता गच्चीवरच्या शेडमध्ये टेरॅरियम (म्हणजे ही बंद काचेतली बाग) करायला बसतोय. शुक्रवार रात्रीपर्यंत नाव कळवा, रोपं त्या हिशोबानेच आणणार.

• घट्ट झाकणाची, रुंद तोंडाची काचेची बरणी आणा. लोणच्याची चालेल, पण वास जाईपर्यंत धुऊन, पूर्ण सुकवून.
• खडी, लाकडी कोळसा, माती, फिटोनियाची छोटी रोपं आणि मॉस (शेवाळ) गटातर्फे.
• कोरफड, निवडुंग नको; कोंडलेल्या ओलाव्यात कुजतात. खतही नको, नाहीतर रोपं झाकणाला टेकतील!

पाणी चमच्यानेच घालायचं. घरी नेल्यावर काच दिवसभर धूसर राहिली, तर झाकण काही तास काढून ठेवा. बरणी थेट उन्हात नको, आत रोपं शिजतात.