संगणकाच्या सरांना, फार उशिरा लिहिलेलं पत्र

कळवा, ठाणे

प्रिय सर,

सप्रेम नमस्कार.

शाळेत तुम्हाला सगळे ‘संगणकाचे सर’ म्हणायचे. पाच वर्षं तुम्ही आमच्यात होतात. करार संपला त्या दिवशी लॅबची किल्ली ऑफिसात दिलीत, वहीवर सही केलीत आणि गेलात. निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाला आपल्याकडे शाल-श्रीफळ मिळतं, चार माणसं चार शब्द बोलतात. तुम्ही कंत्राटी, म्हणून त्यातलं काहीच झालं नाही. मी तेव्हा नववीच्या तासावर होते. खिडकीतून तुम्हाला गेटबाहेर जाताना पाहिलं आणि वर्ग सोडून खाली आले नाही, ही गोष्ट मला अजून टोचते. तुम्ही माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पण शिकवण्याबद्दलचा माझा विचार बदलला तो तुमच्यामुळे. हे चारचौघांत सांगायला हवं, म्हणून पत्र उघडं लिहिते आहे.

2012 च्या जूनमध्ये लॅब आली तो दिवस आठवतो? दहा संगणक, त्यांवर प्लास्टिकची कव्हरं, दाराबाहेर चपला काढायच्या अशी पाटी. किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. मुलांनी हात लावला तर बिघडेल ही भीती आम्हा सगळ्यांनाच होती. तुम्ही पहिल्याच आठवड्यात आठवीची पाच मुलं निवडलीत आणि मशीन लावणं-बंद करणं त्यांच्यावर सोपवलंत. प्रत्येक सीपीयूवर तुमच्या हातची चिठ्ठी चिकटली: ‘आधी शटडाऊन, मग स्विच’. त्या पाच वर्षांत मुलांच्या हातून एकही मशीन बिघडलं नाही. बिघडल्या त्या यूपीएसच्या बॅटऱ्या, आणि त्या आपोआपच गेल्या.

मी गणिताची शिक्षिका. बी.एड.ला आशययुक्त अध्यापन शिकलेली, फळा-खडूवर भरवसा असलेली. लॅब आल्यावर आपणही मागे राहू नये म्हणून दोन रविवार खर्चून त्रिकोणावर एक पीपीटी केली. अक्षरं फिरत यायची, त्रिकोण उड्या मारत यायचे. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तास संपल्यावर तुम्ही वायर गुंडाळत अगदी साधेपणाने विचारलंत, ‘‘मॅडम, हे फळ्यावर झालं नसतं का?’’

मला राग आला होता. दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या दाराशी तुम्ही थांबलात आणि म्हणालात, ‘‘मला गणितातलं फारसं कळत नाही. पण मुलं नेमकी कुठे अडकतात ते तुम्हाला माहीत आहे. ते एक सांगा, मग मशीनचं मी बघतो.’’

नोकरीच्या अकरा वर्षांत कुणी मला हा प्रश्न विचारला नव्हता. किती धडे झाले, निकाल किती टक्के, वह्या तपासल्या का, हे सगळे विचारायचे. मुलं कुठे अडकतात, हे कुणी नाही.

उत्तर मात्र तयार होतं. विशालकोन त्रिकोणाचा शिरोलंब, म्हणजे एक कोन काटकोनाहून मोठा असलेल्या त्रिकोणात टोकातून समोर टाकलेला लंब. दरवर्षी आठवीची निम्मी मुलं तो त्रिकोणाच्या पोटातच काढतात. कोन वाकडा होतो, लंब लंब राहत नाही, पण रेघ आतच हवी. कारण फळ्यावर आम्ही पाया नेहमी आडवा आणि शिरोबिंदू नेहमी मधोमध वर काढतो. मुलांच्या डोळ्यांत तेच चित्र पक्कं बसतं.

तुम्ही जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर टाकलंत. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या विद्यापीठात शिकणाऱ्या मार्कुस होहेनवार्टर यांनी 2001 मध्ये ते सुरू केलं, हे मी पुढे वाचलं. तेव्हा मला एवढंच कळलं, की ते फुकट आहे आणि त्यात त्रिकोणाचं टोक धरून ओढता येतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे धडे तुम्ही पेनड्राइव्हवर आणून दिलेत. दहा-दहा मिनिटांचे, एका खिडकीत धडा आणि शेजारच्या खिडकीत आपण करून बघायचं. मी मराठीतून ऐकत, थांबवत, मागे नेत शिकले. कुणाला विचारावं लागलं नाही, कुणापुढे लाज वाटली नाही. मोठ्या वयात शिकणाऱ्याला याचं केवढं अप्रूप असतं!

आणि मग तो शनिवार. मी सांगत होते, तुम्ही काढत होतात. ‘‘एबीसी त्रिकोण. ए मधून समोरच्या बाजूवर लंब. लंब बाजूला जिथे छेदतो तिथे डी बिंदू.’’ तुम्ही शब्दाला शब्द तसंच केलंत. मग मी ए ला उजवीकडे ओढायला लागले. ए बिंदू सी च्या बरोबर वर आला, लंब एसी बाजूवरच जाऊन बसला. आणखी थोडं ओढलं आणि डी गायब झाला.

तुम्हाला वाटलं सॉफ्टवेअरमध्ये काही गडबड आहे. मलाही तसंच वाटलं. परत काढलं, परत गायब. पंधरा मिनिटांनी माझ्या लक्षात आलं. मी ‘बाजूवर’ म्हटलं होतं, म्हणून तुम्ही बीसी हा रेषाखंड, म्हणजे बी ते सी एवढाच तुकडा, घेतला होता. शिरोबिंदू सी च्या पलीकडे गेला की लंब रेषाखंडाला भेटतच नाही. भेटतो तो ती बाजू ज्या रेषेवर आहे त्या रेषेला. तुम्ही रेषाखंड पुसून रेषा काढलीत आणि डी परत आला. त्रिकोणाच्या बाहेर, अगदी शांतपणे.

सर, मुलं अकरा वर्षं माझ्याच शब्दामुळे अडकत होती. ‘समोरच्या बाजूवर लंब’ हे मी प्रत्येक तुकडीला घोकून घेतलं होतं. पाठ्यपुस्तक वाचून, प्रशिक्षणं करून, शेकडो पेपर तपासून जी चूक मला दिसली नाही, ती एका गायब झालेल्या ठिपक्याने दाखवली. तुम्ही गणितातले असतात तर मनातल्या मनात दुरुस्त करून रेषा काढली असती आणि मला कधीच कळलं नसतं.

सोमवारी मुलांना आयती आकृती दिली नाही. त्यांनाही ‘बाजूवर’ असंच सांगितलं आणि ठिपका गायब होऊ दिला. मागच्या मशीनवर विटाव्याची एक मुलगी होती, वर्गात सहसा न बोलणारी. ती ओरडली, ‘‘बाई, लंब बाहेर पडला!’’ आणि मग हळूच, ‘‘मग तो या त्रिकोणाचाच राहिला का?’’ तो अख्खा तास त्या एका प्रश्नावर गेला. पुढच्या तासाला ए ला बीसीशी समांतर रेषेवर बांधून टाकलं. त्रिकोण कितीही तिरका केला तरी क्षेत्रफळाचा आकडा हलेना. उंची तीच, पाया तोच, हे मुलांनी मला सांगितलं, मी त्यांना नाही.

मला वाटतं, वर्गातल्या तंत्रज्ञानाबद्दल माझं जे काही म्हणणं आहे ते त्या दोन तासांत येतं. फळ्यावर जे होतं ते पडद्यावर आणून काही मिळत नाही. फळ्यावर टोक धरून ओढता येत नाही, तिथेच मशीन कामाला येतं. आणि ओढणारा हात मुलाचा हवा. परवा आमच्याकडे देणगीतून मोठा इंटरॅक्टिव्ह पॅनल आला. छान आहे. पण त्यावर व्हिडिओ लावून चाळीस मुलं हाताची घडी घालून बसलेली पाहिली, की मला तुमचा तो प्रश्न ऐकू येतो.

2020 चं तर स्वतंत्र पत्र व्हायला हवं. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली होती, ऐरोलीत तुमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान होतं, तेही बंद. मी मोबाइल डब्यांच्या उतरंडीवर टेकवून रोज सकाळी अकराला तास घ्यायचे. बावन्नपैकी नऊ मुलं दिसायची. रडकुंडीला येऊन तुम्हाला फोन केला. तुम्ही विचारलंत, ‘‘सकाळी अकराला त्या घरातला फोन कुठे असतो?’’ फोन वडिलांच्या खिशात असायचा, आणि वडील कामावर. भाजीची गाडी, सिक्युरिटीची ड्युटी, कंपनी. विटावा-दिघ्याच्या घरांत एकच फोन, तो रात्री घरी येणार.

तुमच्या सांगण्यावरून मी थेट तास बंद केले. तीन मिनिटांच्या आतला आवाजी निरोप, वहीच्या पानाचा एक फोटो, एकच गणित. रात्री साडेआठनंतर पाठवायचं. डेटा फारसा लागत नाही, आई भाकऱ्या करता करता ऐकू शकते. दीक्षा या सरकारी ॲपवरचे धडे, पुस्तकातले क्यूआर कोड चांगलेच आहेत, पण ज्यांच्या फोनमध्ये डेटा उरायचा त्यांच्यासाठी. दुसऱ्या आठवड्यात एकतीस मुलांच्या वह्यांचे फोटो आले. मी उत्तरही आवाजातच द्यायचे, नाव घेऊन. एका आईने सांगितलं, पोरगा स्वतःचं नाव ऐकायला तो निरोप चार वेळा लावतो.

पुढे वाचन वाढलं. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी 2006 मध्ये मांडलेली एक चौकट वाचली: आशय, अध्यापनपद्धती आणि तंत्रज्ञान या तिन्हींची जाण एकमेकांत गुंफलेली असेल तरच शिक्षकाला तंत्रज्ञान नीट वापरता येतं. वाचताना मला आपली लॅब दिसत होती. आशय माझ्याकडे होता, तंत्र तुमच्याकडे. गुंफण त्या शनिवारी पडली.

आता खरी बातमी. सेवाज्येष्ठतेत पर्यवेक्षकपदासाठी माझं नाव पुढे आहे. मी लेखी नकार दिला. घरच्यांना पटलेलं नाही, पगारातला फरक त्यांना दिसतो आणि त्यात त्यांची चूक नाही. पण मला वेळापत्रकं आणि बदली तास लावत उरलेली नोकरी काढायची नाही. मला शैक्षणिक तंत्रज्ञान रीतसर शिकायचं आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाचा जुहूला या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे चौकशी करून आले. पवईला आयआयटीत यावर पीएचडीची कामं चालतात. ते या वयात माझ्या आवाक्यात आहे का, याचा विचार करते आहे, आणि पूर्वीसारखी घाबरत नाही.

शिकून वर्ग सोडायचा नाही. कळवा, विटावा, ऐरोलीतले आम्ही सहा गणित शिक्षक दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बसतो. प्रत्येकाने एकच सांगायचं, या पंधरवड्यात मुलं कुठे अडकली. मग त्यावर छोटी फाइल करायची, मराठीत, आठवीच्या मुलाला कळेल अशा शब्दांत. अपूर्णांक, ऋण संख्यांचा गुणाकार, वर्तुळाची जीवा, अशा अकरा झाल्या. हे काम मला मोठं करायचं आहे. गणिताच्या शिक्षकांना शिकवणारी शिक्षिका व्हायचं आहे. हल्ली प्रश्नपत्रिका काढून देणारं एआय आलंय, तरुण शिक्षक त्याबद्दल विचारतात. त्यांनाही मी आधी तोच प्रश्न विचारते, तुमची मुलं कुठे अडकतात?

प्रवेशाच्या अर्जात एक रकाना आहे, ‘या विषयाकडे कसे वळलात’. त्यात तुमच्याबद्दल लिहिलं आहे. नाव घालायला तुमची परवानगी हवी.

येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाराच्या सुमारास दुकानावर येते. अर्ज आणि सगळ्या मार्कशीटच्या दोन-दोन प्रती काढायच्या आहेत. पैसे घ्यायचे. आणि शटर अर्धा तास ओढून ठेवा, डबा दोघांचा आणते आहे.

आपली,
गणिताच्या बाई